नववा मंगळवार

वसुमतीचा उजवा पाय टाइपरायटरच्या टेबलाखाली सकाळपासून हलत होता. बसल्या बसल्या पाय हलवला की घरातली लक्ष्मी जाते, असं विठोजी तिला पाच वर्षं सांगत आले होते आणि पाच वर्षं ती पाय हलवत आली होती. चामराजपेटेतल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात लक्ष्मी आली कधी होती, की तिने जावं.

ऑफिस विश्वासराव वकिलांचं. विठोजी त्यांचे गुमास्ते. गुमास्ता म्हणजे वकिलाचे हातपाय: वकिलाने बोलायचं, गुमास्त्याने धावायचं. कोर्टाच्या नक्कलखात्यातून निकालाची नक्कल काढायची, स्टँप चिकटवायचे, मुदत मोजायची आणि कागद वेळेत खिडकीवर द्यायचे. पण ते देण्याचा मान ज्याचं नाव कोर्टाच्या रजिस्टरात चढलंय त्यालाच. विठोजींचा नंबर सत्तावीस. चाळीस वर्षांपूर्वी तो मिळाला तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते, असं ते स्वतःच सांगत.

वसुमतीला नंबर नव्हता. ती नावाला टायपिस्ट. सव्वीस वर्षांच्या ह्या मुलीला अपिलाची मुदत बोटांवर मोजता येई. नकलेला लागलेले दिवस त्यातून कसे वजा करायचे हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. विठोजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यामुळे ते कागद नाकाला लावून बघत आणि शेवटी तिच्याकडेच सरकवत. काम तिचं आणि नंबर त्यांचा, असा संसार चालला होता. गुमास्त्याच्या नोंदणीचा अर्ज टाइप करून तिने वर्षापूर्वी विश्वासरावांच्या टेबलावर ठेवला होता. विचारलं की ते म्हणत, "विठोजींना विचार." विठोजींना विचारलं की ते म्हणत, "स्वल्प थांब. सगळं वेळेवर होतं." राजाजीनगरात तिच्या घरी आई स्थळं आणून दमली होती. धाकटा भाऊ मालोजी घड्याळांच्या कारखान्यात लागून दोनदा पगारवाढ घेऊन बसला होता, आणि ही अजून थांबतच होती. थांबणं हा काही तिचा स्वभाव नव्हे. चहा निवेपर्यंतही ती थांबत नसे, जीभ भाजून घेई.

त्या मंगळवारी, १९६२ सालातल्या, थांबणं तिला जास्तच जड जात होतं. सकवारबाईंच्या अपिलाचा तो शेवटचा दिवस होता.

सकवारबाई म्हणजे कॉटनपेटेतली एक म्हातारी विधवा. दिराच्या मुलाने दावा लावून तिच्या घराचा पुढचा अर्धा भाग जिंकला होता. पुढचा भाग म्हणजे दार आणि विहीर. उरलेल्या अर्ध्यात तिने काय भिंतीतून ये-जा करायची? खालच्या कोर्टातला तिचा वकील निकालानंतर तोंड दाखवेना, म्हणून ती विश्वासरावांकडे आली. अपील टाइप होऊन तयार होतं. विश्वासरावांनी त्यावर आणि वकालतनाम्यावर सह्या केल्या होत्या आणि सकाळच्या गाडीने ते तुमकूरच्या एका कामाला गेले होते. राहिला होता तो वकालतनाम्यावर सकवारबाईंचा अंगठा. वकील नवा, तेव्हा तो लागणारच. खिडकी चारला बंद होते. उद्या दिलेलं अपील म्हणजे रद्दी.

तुम्ही म्हणाल, अंगठा आधीच का नाही घेतला? तर त्याचं असं की, विठोजींनी चाळीस वर्षांत एकही कागद राहुकाळात, म्हणजे रोजच्या त्या अशुभ दीड तासात, दिला नव्हता. कपाटाच्या दाराला आतून त्यांनी वारांप्रमाणे राहुकाळाचं कोष्टक चिकटवलं होतं. एवढ्यावर भागत नसे. निकालाची नक्कल मागच्या बुधवारी हातात आली. गुरुवारी अष्टमी निघाली. शुक्रवारी म्हातारी उंबऱ्यात असतानाच कुणीतरी शिंकलं. शनिवारी नव्या कामाला हात लावायचा नाही, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. सोमवारी विठोजींना स्वप्नात म्हैस दिसली. अशाने मंगळवार उजाडला. मंगळवारचा राहुकाळ तीन ते साडेचार. विठोजींनी ठरवलं, बाराला बाईने यावं, अंगठा द्यावा आणि कागद दोनच्या आत खिडकीवर जावेत.

बारा वाजले. साडेबारा वाजले. मालोजीने दिलेलं पुरुषी घड्याळ वसुमतीच्या मनगटावर सैल फिरत होतं आणि ती दर दोन मिनिटांनी ते वर सरकवत होती.

"अण्णा, सकवारअक्का आल्या नाहीत."

"येईल गं अम्मा. बायकांना घरातून निघायला..." विठोजी बोलता बोलता थांबले. त्यांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"आज नववा."

"नववा काय?"

"मंगळवार. निकाल लागला त्या आठवड्यात मीच तिला म्हटलं होतं, नऊ मंगळवार बनशंकरीच्या देवळात राहुकाळात लिंबाचे दिवे लाव, अपील हातातून जायचं नाही. ती आज येते कसली? ती सकाळीच प्रसादाची पाटी घेऊन निघाली असेल. आणि दिवा तीनला लागणार."

वसुमतीला हसावं की रडावं कळेना. अपील तरावं म्हणून ह्यांनी व्रत सांगितलं, आणि ते व्रतच अपिलाच्या आड येऊन बसलं. राहुकाळापासून जन्मभर पळणाऱ्या माणसाने अशिलाला नेमकं राहुकाळाच्या दारात नेऊन बसवलं होतं.

"मी जाते. वकालतनामा द्या."

"पेटीत आहे. वहीखाली."

मुदतीची वही विठोजी कुलपाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवत आणि पेटीला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. आज त्यांनी जानव्याला बांधलेली किल्ली मुकाट्याने काढून दिली. वसुमतीने वही उचलली. वहीखाली वकालतनामा होता आणि त्याच्याखाली आणखी एक कागद. टाइप तिचाच होता. वरच्या ओळीत 'वसुमती' हे नाव, आणि खाली विश्वासरावांची सही. सहीखाली तारीख अकरा महिन्यांपूर्वीची.

तिने तारीख पुन्हा वाचली. टेबलाखाली सकाळपासून हलणारा पाय थांबला.

"साहेबांनी सही केली होती," ती म्हणाली. "तुमच्याकडे दिला होता. द्यायला."

"मुहूर्त लागला नाही."

"अकरा महिने?"

विठोजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. पुसून काही उपयोग नव्हता, धुकं काचेवर नव्हतंच. "तुझं नाव चढलं की माझं उतरलं, अम्मा. आंधळा गुमास्ता कोण ठेवून घेतो? मला दुसरं येतं काय?"

राग तिला आला, अगदी कानशिलं तापेपर्यंत आला. ह्या माणसाचे कागद आपण वाचले, त्याच्या मुदती आपण मोजल्या, त्याच्या चुका आपण झाकल्या आणि ह्याने आपलं नाव वहीखाली दाबून ठेवलं. घरी जाऊन आईसमोर मान खाली घालून जेवलेले अकरा महिने तिला आठवले. त्याच क्षणी तिला त्या माणसाची कीवही आली. मग कीव आली याचा वेगळा राग आला.

"ऐक," विठोजी एकदम जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले. "बनशंकरीला जाऊन वेळेत परत येणं होत नाही. शाईची डबी आण. माझा डावा अंगठा लावतो. बाईचा अंगठा का बुवाचा, कोण भिंग लावून बघतंय? खाली साक्ष तू घाल. मी आत्ता निघतो, दीडपर्यंत दोन्ही कागद देतो. तिचं अपील आणि तुझा अर्ज. आज रात्री घरी नंबर घेऊन जा."

राहुकाळात खरा कागद देणं पाप आणि दीड वाजता खोटा अंगठा देणं चालतं, असा तो न्याय होता. पण खोटं कशाला बोला, वसुमतीचा हात शाईच्या डबीकडे गेला. डबी उघडली. म्हातारी नाहीतरी अंगठा देणारच होती. घर तिचंच वाचणार होतं. नुकसान कुणाचं होतं? आणि नंबर आजच्या आज मिळत होता.

तिने वकालतनाम्याची शेवटची ओळ वाचली. ती ओळ तिने शेकडो वेळा टाइप केली होती: मजकूर अशिलास वाचून दाखवून समजावून सांगितला, अंगठा माझ्यासमोर दिला. त्याखाली साक्षीदाराचं नाव. कोर्टाच्या कागदावर तिचं नाव आयुष्यात पहिल्यांदा लागणार होतं, आणि ते ह्या ओळीखाली.

"नाही," तिने डबीचं झाकण लावलं. "पहिलंच नाव खोट्याखाली नाही घालायचं मला. शिवाय आज दुपारी शंभर बायका अक्कांना देवळात बघणार. उद्या कुणी विचारलं तर? तुम्ही अपील घेऊन कोर्टात थांबा. मी अंगठा घेऊन येते."

"चारच्या आत?"

"चारच्या आत."

"तेव्हा राहुकाळ असेल गं," विठोजी म्हणाले. ते अगदी कळवळून म्हणाले, हे तिला नंतर आठवलं. तेव्हा ती पायरी उतरली होती. पिशवीत वकालतनामा, शाईची डबी आणि स्वतःचा अर्ज. तो मात्र तिने आता कुणाच्या पेटीत ठेवला नसता.

बस यायला पाऊण तास लागला. वसुमती थांब्यावर उभी राहिली असं म्हणता येणार नाही. ती थांब्याभोवती फिरली. बस आली तीही भरलेली, आणि प्रत्येक वळणावर कंडक्टर कुणाची तरी कोंबडी, कुणाचं तरी गाठोडं सावकाश चढवून घेत होता. गाव मागे पडलं. नाचणीची शेतं लागली. त्या काळी बनशंकरी म्हणजे शहराबाहेरचं देऊळ, भोवती शेतं आणि चार झाडं. पण मंगळवारी तिथे जत्रा असे. बाकी सगळा गाव ज्या दीड तासात घरात बसे, त्याच दीड तासात देवीपुढे दिवे लावायला बायका लांबून येत.

ती उतरली तेव्हा पावणेतीन झाले होते. समोर एक ऑटोवाला डुलकी काढत होता. तिने त्याला हलवून उठवलं आणि कन्नडात सांगितलं, "इथून हललास तर बघ." तो हलला नाही. तिचा आवाजच तसा होता.

सकवारबाई देवळाच्या मागच्या बाजूला रांगेत बसल्या होत्या. पांढरं लुगडं, कपाळावर विभूती, पुढ्यात अर्धी कापून उलटी केलेली नऊ लिंबं आणि त्यांत तुपाच्या वाती. वसुमतीला बघून त्या हसल्या.

"तूही आलीस होय? बस."

"अक्का, आज अपिलाचा शेवटचा दिवस. तुम्ही बाराला येणार होतात."

"आज नववा ना गं. अण्णांनीच तर सांगितलंय. त्यांना ठाऊक नाही होय? मी म्हटलं, ठाऊक असेल, ते उद्याचं बघतील."

"उद्या नाही चालत. आत्ता अंगठा द्या. अजून तीन वाजले नाहीत, राहुकाळ लागला नाही."

म्हातारीने मान हलवली. "नववा दिवा लागेपर्यंत दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही, असं व्रत आहे. आठ मंगळवार केलंय. शेवटचा मोडू?"

वसुमतीने घड्याळ बघितलं. वाद घालून म्हातारी उठणार नव्हती. पंधरा मिनिटं. ती तिच्याशेजारी दगडावर बसली. आयुष्यात एवढी लांब पंधरा मिनिटं तिने काढली नव्हती. पाय हलायला लागला तेव्हा सकवारबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

तीन वाजता घंटा झाली. शेकडो वाती एकदम पेटल्या. सकवारबाईंनी नऊ लिंबं पेटवली, डोळे मिटले, कितीतरी वेळ मिटूनच ठेवले. उघडले तेव्हा तीन वाजून सात मिनिटं झाली होती.

"आता अंगठा," वसुमती म्हणाली.

"आता राहुकाळ लागला बाळ. विठोजीअण्णा म्हणतात, राहुकाळात कागदाला शिवायचं नाही. साडेचारनंतर देते, सरी, चालेल ना?"

ह्याचं उत्तर ती बसमध्ये सगळा वेळ मनात घोळवत आली होती. पण ऐन वेळी घोळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना. ती समोरच्या दिव्यांकडे बघत म्हणाली, "अक्का, ही वेळ वाईट असती तर तुम्ही नऊ मंगळवार ह्या वेळेला इथे का आलात? बाहेर तो राहूचा काळ. ह्या आवारात तो आईचा. तुम्ही घर मागायला आलात आणि आई देतेय. साडेचारपर्यंत थांबा म्हणून तिलाच सांगणार का?"

सकवारबाईंनी देवळाच्या कळसाकडे बघितलं. मग पाटीतल्या पानाने हात पुसला आणि अंगठा पुढे केला.

वसुमतीने डबी उघडली नाही. आधी तिने वकालतनामा काढला आणि ओळ न् ओळ मराठीत वाचून सांगितली. हा कागद म्हणजे काय, वकिलाला कशाचा अधिकार मिळतो, तो म्हातारीला परत कसा काढून घेता येतो. मध्ये मनगटावर घड्याळ पळत होतं आणि तिची जीभ अडखळत होती. तरी तिने एक ओळ गाळली नाही. म्हातारीने एक प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर दिलं. मग अंगठा घेतला. खाली तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, कारण मांडीवर धरून लिहिलं होतं.

ऑटोने कोर्टाच्या दारात सोडलं तेव्हा चारला नऊ मिनिटं कमी होती. लुगड्याचा सोगा आवरत ती पायऱ्या चढली. विठोजी खिडकीच्या खोलीबाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे, अपिलाची फाईल छातीशी धरून उभे होते. दुपारपासून ते तिथेच उभे असावेत. तिने वकालतनामा पुढे धरला. त्यांनी तो नाकाशी नेला, अंगठा बघितला, आणि खालचं नाव.

"खरा?"

"खरा. चला आत."

विठोजी हलले नाहीत. "माझ्याने होत नाही, वसू. चाळीस वर्षं..."

ती त्यांना बोल लावणार होती. पण त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ती लबाडी नव्हती, निव्वळ भीती होती. तिने फाईल त्यांच्या हातातून काढून घेतली आणि एकटीच उंबरा ओलांडला.

खिडकीमागचा कारकून दौतीचं झाकण लावत होता. त्याने कागद चाळले, स्टँप मोजले, आणि कन्नडात विचारलं, "गुमास्त्याचा नंबर?"

वसुमतीला नंबर नव्हता. मागे वळून बघायचं तिने ठरवलं नव्हतं, पण मान वळलीच. विठोजी उंबऱ्यापलीकडे डोळे गच्च मिटून उभे होते.

"सत्तावीस," ते तिथूनच म्हणाले. "कागद माझाच. मुलगी माझी."

कारकुनाने त्यांच्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि तो गालात हसला. विठोजींचा राहुकाळ सगळ्या कोर्टाला ठाऊक होता. त्याने शिक्का उचलला आणि अपिलावर मारला. आवाज खोलीभर झाला. म्हातारीचं दार आणि विहीर निदान आजच्यापुरती तरी शाबूत राहिली.

वसुमतीने तिथून निघायचं होतं. पण ती हलली नाही. पिशवीत हात घालून तिने दुसरा कागद काढला आणि खिडकीतून आत सरकवला.

"हाही घ्या."

कारकुनाने वाचला. पुन्हा वाचला. तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे तुमचं नाव?"

"माझंच."

"बाईमाणसाचा अर्ज अजून आला नव्हता इथे." त्याने कागद उलटसुलट केला. नकार द्यायला त्यात काही सापडेना. मग सापडलं. "आठ आण्यांचं तिकीट कुठाय? त्याशिवाय घेता येत नाही. उद्या या."

तिकीट. पाच वर्षं दुसऱ्यांच्या कागदांना तिने तिकिटं लावली, आणि स्वतःच्या अर्जाला लावायचं राहिलं. स्टँपवाला साडेतीनलाच उठून जातो. उद्या म्हणजे पुन्हा पेटी, पुन्हा मुहूर्त, पुन्हा स्वल्प थांब. तिने काउंटरची कड घट्ट धरली.

मागे चपला वाजल्या. विठोजी उंबरा ओलांडून आत आले. भिंत चाचपत, काउंटरची कड चाचपत ते तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. कंबरेची चंची त्यांनी सोडली. तिच्यात सुपारीच्या जोडीला नेहमी चार-दोन तिकिटं असत. गुमास्त्याकडे तिकीट नसलं तर तो कसला गुमास्ता, असं ते म्हणत. एक तिकीट काढून त्यांनी डोळ्यांशी नेलं, आठ आण्यांचं आहे ना ते बघितलं, आणि जिभेने ओलं केलं.

"कुठे लावू? मला दिसत नाही."

तिने त्यांचं बोट धरून कागदाच्या कोपऱ्यावर ठेवलं. त्यांनी तिकीट दाबून बसवलं, कडा नखाने सारख्या केल्या. शिक्का पडला. कारकुनाने खिडकीची फळी खाली ओढली.

वसुमतीने मनगट वळवलं आणि घड्याळ बघितलं.

"किती वाजले ते मला सांगू नकोस," विठोजी म्हणाले.

तिने सांगितलं नाही. त्यांचा हात धरून ती पायऱ्या उतरली, एकेक करून, सावकाश.